शनिवारची घाई

"अकोला, तू बसायचं नाहीस."

तिडके साहेब हे म्हणाले तेव्हा मी खुर्ची मागं ओढली होती, पण टेकलो नव्हतो. मला वाटलं, काहीतरी चेष्टा करतायत. मी हसलो. हॉलमध्ये दुसरं कुणीच हसलं नाही.

अमरावतीतल्या एका लॉजचा वरच्या मजल्यावरचा हॉल होता तो. महिन्यातून एकदा आम्ही विदर्भातले आठ-नऊ मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह तिथं मीटिंगला जमायचो आणि आमचे एरिया मॅनेजर तिडके एकेकाच्या विक्रीचा हिशेब घ्यायचे. ते कुणाला नावानं हाक मारत नसत. ज्याचं जे गाव, ते त्याचं नाव. मी सतीश काळणे. पण त्या हॉलमध्ये मी अकोला होतो.

"अकोल्याचा सेल जोवर उभा राहत नाही, तोवर अकोल्याचा माणूस बसणार नाही. बरोबर की नाही, यवतमाळ?"

यवतमाळ म्हणजे किशोर मुनेश्वर. माझ्याच वर्षी कंपनीत लागलेला. आम्ही दोघांनी ट्रेनिंगच्या वेळी मुंबईत एकाच खोलीत महिना काढला होता.

"हो सर," किशोर समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडं बघत म्हणाला.

मी उभा राहिलो. सकाळची मीटिंग गेली, दुपारचं जेवण आलं. ताटं वाढली, सगळे जेवले, माझं ताट झाकून ठेवलं. कुणीतरी हळूच म्हणालं, "सर, त्याला जेवू द्या ना." तिडके म्हणाले, "कुणी नको म्हटलंय? उभ्यानं जेवायची बुफेची पद्धत असतेच की." मग सगळे हसले. हसणं भागच होतं. मी जेवलो नाही.

हे त्या दिवशीच सुरू झालेलं नव्हतं. आदल्या वर्षी महिनाअखेरीला तिडकेंनी मला सांगितलं होतं, की कफ सिरपच्या पेट्या अकोल्याच्या स्टॉकिस्टच्या, म्हणजे आमच्या घाऊक विक्रेत्याच्या, गळ्यात मार. त्यानं मागवल्या नसल्या तरी. कागदावर विक्री दिसली की झालं. मी नाही म्हणालो. एवढंच. त्यानंतर माझी रजा कधी मंजूर झाली नाही. प्रवासाची बिलं परत यायला लागली. डॉक्टरांच्या केबिनमध्ये, त्यांच्यासमोर, तिडके मला म्हणायचे, "याला साधं मॉलेक्यूलचं नाव नीट उच्चारता येत नाही, डॉक्टर, तुम्हीच शिकवा." पोरीला टायफॉइड झाला तेव्हा मी दवाखान्यात होतो, तर शेजाऱ्यांच्या फोनवर फोन करून विचारलं, "पोरगी मरतेय का? नाही ना? मग त्याला फील्डवर पाठवा."

मीटिंग संपली. बाकीचे बॅगा उचलून निघाले. तिडकेंनी मला लॉजमधल्या त्यांच्या खोलीत बोलावलं. किशोरलाही.

तिडकेंनी दाराशी खुर्ची टाकली, पाठ दाराला टेकली आणि बसले.

"यवतमाळ, याची बॅग रिकामी कर. सॅम्पल मोज."

किशोरनं माझी बॅग पलंगावर पालथी केली. गोळ्यांची पाकिटं, बाटल्या, माहितीपत्रकं, त्यात माझ्या पोरीचं, गार्गीचं, एक तुटलेलं रंगीत खडूचं टोक. तो मोजत राहिला. माझ्याकडं त्यानं एकदाही पाहिलं नाही.

"सॅम्पल बाजारात विकतोस अशी तक्रार आहे तुझ्याविरुद्ध," तिडके म्हणाले.

"कुणाची तक्रार, सर?"

"माझी."

 सकाळपासून उभा होतो. मी म्हणालो, "सर, मला घरी एक फोन करू द्या."

"राजीनामा लिहायला बायकोची परवानगी लागते काय? हे बघ, दोन वाटा आहेत. मी खाली जाऊन पोलिसात चोरीची तक्रार देतो. उद्या अकोल्याच्या पेपरात नाव येईल. नाही तर हा कोरा कागद घे. वैयक्तिक कारणामुळे राजीनामा देत आहे, असं लिही आणि सूट."

मी किती वेळ तसाच उभा होतो कुणास ठाऊक. दार काही कुलूपबंद नव्हतं. पण त्या दारापुढून तो माणूस हलत नव्हता आणि मला त्याला बाजूला सारता येत नव्हतं. शेवटी मी टेबलावर वाकून लिहिलं. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. सही केली. तारीख टाकली.

तिडकेंनी कागद हातात घेऊन वाचला आणि म्हणाले, "अक्षर चांगलं आहे रे तुझं."

बॅग त्यांनी ठेवून घेतली.

त्या रात्री मी घरी काही बोललो नाही. बायकोनं, कुंदानं विचारलं, "बॅग कुठंय?" म्हटलं, "नवीन माहितीपत्रकं यायची आहेत, तिकडंच ठेवली." तिला ते पटलं असावं. निदान तिनं पुढं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार. नेहमीसारखी अंघोळ केली, टाय बांधला, बूट घातले आणि बाहेर पडलो. जायला कुठंच नव्हतं. स्कूटर काढली आणि सवयीनं गेलो ते डॉ. हेडाऊंच्या दवाखान्यात. तिथं जिन्यापाशी भिंतीला लागून एक बाक होता, आम्हा रिप्रेझेंटेटिव्हांचा. आत खुर्च्यांची रांग पेशंटची. मी बाकावर बसलो नाही. कंपाउंडरकडं नाव लिहिलं आणि पेशंटच्या रांगेत जाऊन बसलो.

मला झोपेच्या गोळ्या लिहून घ्यायच्या होत्या. त्या कशासाठी, हे मी स्वतःशीसुद्धा शब्दांत म्हटलेलं नव्हतं. पण मला माहीत होतं. चोर ठरवलेला माणूस, नोकरी गेलेला माणूस, सगळ्यांसमोर दिवसभर उभा केलेला माणूस घरी जाऊन काय सांगणार? डोक्यात दुसरा विचारच शिरत नव्हता. एका बाजूला एक बाई खोकत होती, दुसऱ्या बाजूला एक म्हातारा आपल्या सुनेशी भांडत होता, आणि मला ते सगळं फार दुरून आल्यासारखं ऐकू येत होतं.

"का बे काळणे, तू तिकडे काऊन बसून रायला?"

जिन्यावरून गुल्हाने वर आले होते. रामभाऊ गुल्हाने दुसऱ्या कंपनीचे, पन्नाशीचे, टकलावर रुमाल टाकून फिरणारे. आमच्या युनियनचे अकोल्याचे सेक्रेटरी. मी युनियनचा नावापुरताच सभासद; वर्गणी द्यायचो आणि सभेला दांडी मारायचो.

"जरा बरं नाही, गुल्हाने भाऊ."

"काय होते?"

"झोप येत नाही."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. टायकडं पाहिलं. हातात, मांडीवर, खुर्चीखाली पाहिलं. बॅग नव्हती. मग बाकावर जाऊन बसले.

माझा नंबर आला. डॉ. हेडाऊ मला ओळखत होते. "तुम्ही लोक फिरता फार," एवढं म्हणून त्यांनी मी मागितलेल्या गोळ्या लिहून दिल्या. बाहेर आलो तर गुल्हाने उभेच. त्यांचा डॉक्टरांना भेटायचा नंबर आला होता, तो त्यांनी पुढच्याला देऊन टाकला होता. त्यांनी माझ्या बोटांतून चिठ्ठी काढून घेतली, वाचली आणि शर्टाच्या खिशात टाकली.

"हे माझ्याकडे सॅम्पलमधी हाये. देतो मी. चाल, चहा पिऊ."

चहाच्या टपरीवर त्यांनी मला बसवलं आणि विचारत गेले. मी आधी टाळाटाळ केली, मग एकेक सांगत गेलो. राजीनाम्यापर्यंत सगळं सांगून टाकलं.

"तारीख कोणती टाकली?"

"कालची."

"राजीनामा मंजूर केला असं पत्र हातात आलं काय?"

"नाही. पोस्टानं येईल म्हणाले."

"मंग तू अजून नोकरीत हायेस."

मी त्यांच्याकडं बघतच राहिलो. "भाऊ, मी माझ्या हातानं लिहून दिलंय."

"हातानं लिहिलेलं हातानं वापस घेता येते बे. मंजूर व्हायच्या आंधी कळवलं पायजे, बस्स. अन् इथं तर त्यानं दाबून लिहून घेतलं. आपल्याले कायद्याचं काईच नाई असं वाटते ना तुले? आपल्यासाठी वेगळा कायदा हाये, शहात्तर सालचा. लेबर कमिशनरकडे जाता येते, लेबर कोर्टात जाता येते. पण आज. आजची तारीख पडली पायजे तारेवर. उद्याची पडली तर खेळ खलास. ऊठ."

"आज शनिवार आहे."

"तार ऑफिस चालू रायते. ऊठ म्हटलं ना!"

त्यांनी मला अक्षरशः दंडाला धरून उठवलं. माझी स्कूटर तिथंच ठेवायला लावली आणि मला आपल्या मागं बसवलं. तार ऑफिसात फॉर्म माझ्यापुढं ठेवून म्हणाले, "लिही, राजीनामा दडपणाखाली घेतला, तो वापस घेत आहे, कामावर हजर आहे. तुह्या शब्दात लिही. मी एक फोन करून येतो."

मी लिहायला घेतलं.  दोन फॉर्म फाडले. 'दडपणाखाली' या शब्दापाशी मी अडायचो. ते लिहिलं म्हणजे मी ते कबूल करत होतो, की मला कुणीतरी दाबलं आणि मी दबलो. तिसऱ्या फॉर्मवर लिहून झालं तेव्हा गुल्हाने परत आले होते.

"झालं? आता हेच पत्र रजिस्टर्ड पोस्टानं. पोस्ट दुपारी बंद होईल, पळ."

आम्ही पळालो. खरोखर पळालो. पोस्टातून सुटलो तर ते म्हणाले, वकिलीणबाईकडं जायचंय, त्या संध्याकाळी बाहेरगावी जाणार आहेत, आत्ताच गाठलं पाहिजे.

ॲडव्होकेट शालिनी उमप रामदासपेठेत राहायच्या. घराच्या पुढच्या खोलीत ऑफिस. चाळिशीच्या, चष्मा केसांत खोचलेला. त्यांनी मला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं, आणि मी "छळलं", "अपमान केला" असं म्हणालो की हात वर करून थांबवायच्या.

"छळलं, असं कोर्टात चालत नाही. काय केलं ते सांगा."

"दिवसभर उभं केलं."

"कुणासमोर?"

"सगळ्यांसमोर."

"नावं सांगा. पुढं. खोलीत नेलं तेव्हा दाराला कडी लावली होती?"

"नाही. दाराला टेकून खुर्ची टाकून बसले होते."

त्या पहिल्यांदा खुर्चीत पुढं झुकल्या. "तुम्हाला बाहेर जायचं होतं?"

"फोन करायला जाऊ द्या म्हणालो."

"आणि जाऊ दिलं नाही. लिहा हे. जसंच्या तसं लिहा. एखाद्याला जाऊ न देणं हा गुन्हा आहे, काळणे. कडी लावलेलीच असावी लागते असं नाही. पोलिसात देण्याची धमकी देऊन लिहून घेणं, हाही आहे." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "खरं सांगते. एखाद्या माणसाला रोज थोडं थोडं संपवत नेणं, याला आपल्याकडं एक असं कलम नाही. सिनियरनं ज्युनियरला छळलं तर अमुक शिक्षा, असं कुठं लिहिलेलं सापडायचं नाही. पण त्याचे तुकडे करून पाहिले, तर त्यातल्या बऱ्याच तुकड्यांना कलमं आहेत. तुम्ही मला सगळे तुकडे आणून द्या. गेल्या वर्षीपासूनचे. नाकारलेल्या रजा, बिलं, कोणत्या डॉक्टरपुढं काय बोलले. लेबर ऑफिसला सोमवारी सकाळी अर्ज द्यायचाय. मी उद्या रात्री परत येतेय, तेव्हा मला कागद पाहिजे."

"उद्या रविवार," मी म्हणालो.

"म्हणून तर. आणि एक साक्षीदार लागेल. खोलीत आणखी कोण होतं?"

मी म्हणालो, "मुनेश्वर. यवतमाळचा."

"उद्याच्या उद्या जाऊन या," उमप मॅडम म्हणाल्या.

संध्याकाळी गुल्हाने मला घरी सोडायला आले ते आतच आले. सोफ्यावर बसून म्हणाले, "वहिनी, चहा टाका. अन् हा काय सांगते ते ऐका."

मला वाटलं होतं, ते सांगतील. त्यांनी सांगितलं नाही. मलाच सांगायला लावलं. कुंदा उभी राहून ऐकत होती. मी खाली मान घालून बोलत होतो. राजीनाम्यापेक्षा तिला दुसऱ्याच गोष्टीनं लागलं.

"दिवसभर उभं केलं? जेवला नव्हतात तुम्ही?"

"नाही."

"आणि रात्री इथं येऊन म्हणालात, अमरावतीला जेवून आलो. मी ताट झाकून ठेवलं होतं." ती एकदम स्वयंपाकघरात गेली. आतून भांडी आपटल्याचा आवाज आला. गार्गी घाबरून माझ्या मांडीवर येऊन बसली. थोड्या वेळानं कुंदा बाहेर आली, डोळे पुसलेले, आणि गुल्हानेंना म्हणाली, "भाऊ, काय करायचं ते सांगा. मी काय करू?"

"तुमी याच्यासंग बसा अन् लिहून काढा. याले आठवत नाई ते तुमाले आठवन. अन् वहिनी, मी आज इथंच झोपतो बरं. पाहाटंच यवतमाळची गाडी पकडायची हाये, माह्या घरून यायला उशीर होईन."

त्यांचं घर आमच्यापासून तीन गल्ल्या पलीकडं होतं. त्या वेळी मला ते खटकलंच नाही.

कुंदा आणि मी लिहीत बसलो. मला काहीच आठवत नव्हतं आणि तिला सगळं आठवत होतं. टायफॉइडच्या वेळचा फोन तिनंच घेतला होता, ते शब्द तिनं जसेच्या तसे सांगितले. दिवाळीत मला सुट्टी नाकारली तेव्हा माझ्या सासरेबुवांची एकसष्टी होती, हेही. लिहिता लिहिता एकदा ती म्हणाली, "इतकं होत होतं, आणि मी समजत होते की तुम्हीच चिडके झालात."  गुल्हाने सोफ्यावर आडवे झाले होते, पण झोपले नव्हते. मी पाणी प्यायला उठलो की त्यांचे डोळे उघडे दिसायचे.

रविवारी यवतमाळ. एस.टी.नं मूर्तिजापूर, कारंजा, दारव्हा करत जाईस्तोवर दुपार झाली. किशोर घरीच होता. बनियनवर, अंगणात मुलाच्या सायकलची साखळी बसवत. मला पाहिलं आणि त्याचे ग्रीसनं माखलेले हात तसेच हवेत राहिले.

आत बोलावलं. त्याच्या बायकोनं चहा दिला. मी म्हणालो, "किशोर, तू होतास तिथं. मला बाहेर जाऊ दिलं नाही, एवढंच सांग लेबर ऑफिसात. बाकी काही नको."

"मी बॅग मोजत होतो," किशोर म्हणाला.

"ऐकलंस ना पण?"

"माझं लक्ष नव्हतं."

"किशोर, तुझ्यापासून मी दोन हातांवर होतो."

त्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "सतीश, पुढच्या महिन्यात पुन्हा मीटिंग आहे. तुझी खुर्ची रिकामी असेल. त्या खुर्चीच्या शेजारी माझी आहे. मला दोन लेकरं आहेत." त्याची बायको दारात उभी होती. ती माझ्याकडं पाहत नव्हती, त्याच्याकडंही नाही. "मला माफ कर. पण मी काही पाहिलं नाही."

मी वाद घातला असता. गुल्हानेंनी माझा हात दाबला. "ठीक हाये मुनेश्वर. चहा चांगला झाला वहिनी," ते म्हणाले आणि उठले.

यवतमाळच्या स्टँडवर मी बाकावर बसलो आणि मला उठताच येईना. ऊन जबरदस्त. समोर गाड्या लागत होत्या, सुटत होत्या.  मी म्हणालो, "भाऊ, संपलं. तो एकच होता. तुम्ही जा, मी मागाहून येतो."

"मागाहून कायले?"

"थोडा वेळ बसतो इथं."

"बसजो ना, पण गाडीत," ते म्हणाले. "संपलं कसं? वकिलीणबाईले कागद कोण देईन? तीन पानं तर तुह्या बायकोच्या अक्षरातली हायेत, ते फेअर करा लागतीन. टायपिंगवाल्याले मी रात्री दुकान उघडाले सांगतलं हाये. अन् दर्यापूरच्या त्या डॉक्टरले फोन करायचा हाये, ज्याच्यापुढं तुह्या उच्चारावर बोलला होता तो. एक साक्षीदार गेला तर दुसरा पाहा लागते. ऊठ, गाडी लागली."

ते माझ्यावर जवळजवळ खेकसत होते. मी उठलो. गाडीत त्यांनी मला खिडकीशी बसवलं आणि स्वतः बाहेरच्या बाजूला बसले. अकोल्यापर्यंत त्यांनी मला डुलकीही घेऊ दिली नाही. माझ्याकडून तारखा वदवून घेत राहिले.

सोमवारी सकाळी कार्यालय उघडायच्या आधी आम्ही सहायक कामगार आयुक्तांच्या दारात उभे होतो. अर्ज गेला. शिक्का बसला. त्यानंतर मात्र सगळी घाई संपली. नोटिसा, तारखा, पुन्हा तारखा. पाच-सहा महिने मी घरी होतो. कुंदानं शेजारच्या मुलांच्या शिकवण्या घेतल्या, मी एका मेडिकल दुकानात काउंटरवर उभा राहिलो. कंपनीचा मुंबईचा माणूस यायचा, "राजीनामा स्वखुशीचा आहे" म्हणायचा. दर्यापूरच्या डॉक्टरांनी लेखी दिलं, हेही खरं. पण खरी गोष्ट निघाली ती वेगळीच. अधिकाऱ्यांनी विचारलं, राजीनामा मंजूर कधी केला, ते दाखवा. कंपनीकडं दाखवायला होतं ते माझी तार पोचल्यानंतरचं होतं. प्रकरण लेबर कोर्टात पाठवावं लागेल असं अधिकारी म्हणाले, तेव्हा कंपनीनं मला परत घेतलं. गोंदियाला. तिडके तिकडंही माझे साहेब होते, दोन वर्षं. बदलले वगैरे काही नाहीत. पण मी त्यांच्या प्रत्येक बोलण्याची तारीख लिहून ठेवतो, हे त्यांना कळलं होतं. मग ते दुसऱ्या कंपनीत गेले, आणि मी अकोल्याला परत आलो.

गुल्हाने निवृत्त झाले तेव्हा सेक्रेटरीपद माझ्याकडं आलं. त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

मागच्या हिवाळ्यात एका शनिवारी वाशिमचा एक रिप्रेझेंटेटिव्ह माझ्याकडं आला. प्रल्हाद सावळे, पन्नाशीला टेकलेला. कंपनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा मॅनेजर रोज सकाळी त्याचा फोटो टाकून खाली लिहायचा, 'आजचा शून्य'. आदल्या दिवशी त्याच्याकडून ईमेलवर राजीनामा घेतला होता. मी त्याचं सगळं ऐकलं, फोनवरचे फोटो घेतले. त्याला वाशिमच्या गाडीत बसायला सांगितलं, म्हटलं, सोमवारी भेटू, काळजी करू नका. आणि मी तडक उमप मॅडमकडं गेलो. त्या आता सत्तरीला आल्यात.

"मॅडम, आजच मेल गेला पाहिजे. आजची तारीख पडली पाहिजे, नाहीतर खेळ खलास."

त्या हसल्या. "कोण म्हणालं आजच?"

"माझ्या वेळी नाही का, तार शनिवारीच—"

"तुझ्या वेळी कंपनीचं मुंबईचं ऑफिस शनिवार-रविवार बंद होतं, काळणे. तार सोमवारी उघडली त्यांनी. सोमवारी सकाळी फॅक्स केला असता तरी तेच झालं असतं. मी रामभाऊंना फोनवरच तसं सांगितलं होतं. ते म्हणाले, ते मला ठाऊक हाये मॅडम, तुम्ही फक्त घाई दाखवा. त्याला काम द्या. भरपूर द्या."

मी म्हणालो, "आणि यवतमाळ? साक्षीदार?"

"मुनेश्वर बोलणार नाही, हे रामभाऊ यवतमाळला जाण्याआधीच सांगून गेले होते."

तिथून मी सरळ गुल्हानेंकडं गेलो. ते ओसरीवर सुपात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. ऐकायला कमी येतं आता. मी शेजारी बसलो आणि मोठ्यानं विचारलं, "भाऊ, ती तार सोमवारी केली असती तरी चाललं असतं ना?"

ते शेंगा सोलत राहिले. मला वाटलं, ऐकू आलं नाही.

"चाललं असतं," ते म्हणाले. "पण रविवार लई मोठा असते, बाबू."

 त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"आज कायचा आठवला तुले तो शनिवार?"

मी सावळेचं सांगितलं. फोटो, ईमेल, सगळं. ते कानावर हात धरून ऐकत होते. सांगून झालं तेव्हा त्यांनी माझ्याकडं पाहिलं, अगदी तसंच, दवाखान्यात पाहिलं होतं तसं.

"अन् तो कोठी हाये आता?"

मी फोन काढला. रिंग पूर्ण वाजून बंद झाली. पुन्हा लावला. पुन्हा तेच. गुल्हाने ओसरीवरून उठून उभे राहिले होते. तिसऱ्यांदा लावला तेव्हा उचलला. मागं गाड्यांचा, कंडक्टरांचा आवाज येत होता.

"गाडी सोडली हो मी," सावळे म्हणाला. "बसलोय असाच स्टँडवर."

"बसा तिथंच, हलू नका," मी स्कूटरकडं जाता जाता ओरडलो. "मी येतोय. आज लई कामं आहेत आपल्याला."